गैरहजेरीचं कारण

नीलम्मा दुसऱ्या पायरीवर थांबली ती थांबलीच. हा सातवा टेक होता. आधीच्या सहा टेकमध्ये ती पहिल्याच पायरीवर थांबली होती, म्हणजे दिग्दर्शक अनयच्या मते प्रगती होती.

"मावशी, नुसतं वर जायचंय. तीन मजले. वर्गात बसायचं, सर नाव पुकारतील, तुम्ही 'हजर' म्हणायचं. पिक्चर विनोदी आहे, घाबरायचं काय त्यात?"

"विनोदी हाय ते कळलं रे लेकरा. पण वर स्लॅब हाय."

कोचिंग क्लासचे मालक व्यंकटराव खाली आले. ही इमारत भूकंपरोधक आहे, तसं माहितीपत्रकात छापलंय, असं त्यांनी माहितीपत्रक दाखवून सांगितलं.

"आमच्या भिंती बी शंभर वर्षं पडल्या नव्हत्या, मालक," नीलम्मा म्हणाली आणि पायरी उतरली.

पिक्चरची गोष्ट अशी की चार म्हाताऱ्या डॉक्टर व्हायचं ठरवतात आणि लातूरच्या कोचिंग क्लासला नाव घालतात. अनय स्वतः दोन वर्षं याच क्लासला होता. डॉक्टर झाला नाही. त्या दोन वर्षांतलं त्याला आठवत होतं ते एवढंच, नीलम्माच्या मेसमधली शेंगदाण्याची चटणी. म्हणून मुख्य म्हातारी नीलम्मा. बाकीच्या तिघी मेसमध्येच भाकरी थापणाऱ्या. चौघी एकाच गावच्या. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंपात गाव आडवं झालं, तेव्हा उरलेल्यांबरोबर लातूरला आल्या. पुढं लातुरात क्लास वाढले, पोरं वाढली, पोरांना भूक लागू लागली आणि चौघींचं बस्तान बसलं.

मेस पत्र्याची होती. नीलम्मा झोपायचीही पत्र्याखालीच. सरकारनं गावाकडं स्लॅबचं घर दिलं होतं, त्यात तिनं ज्वारी ठेवली. ज्वारीला भीती वाटत नाही.

नाटकाचं वेड मात्र तिला लहानपणापासून होतं. गावच्या नाटकात बाईचं काम मिशा काढलेले पुरुष करायचे आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढं नीलम्मा तेच काम त्यांच्यापेक्षा बरं करून दाखवायची. बघायला आई आणि मांजर. एकदा तरी तोंडाला रंग लागावा, ही इच्छा सदुसष्टाव्या वर्षी पुरी होत होती. रंग लागलाही होता. फक्त तीन मजले मध्ये आले.

आठवा टेक तिघींतल्या गुरम्मानं केला. ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसली, 'हजर' म्हणाली आणि संध्याकाळी पीठ मळायला परत आली.

"अक्का, तू दिलेलं नाव पुकारलं अन् मी ओ दिली," ती म्हणाली. "लई गार खोली हाय बघ वरली."

"बरं झालं," नीलम्मा म्हणाली आणि तोंडाचा रंग लुगड्याच्या पदरानं पुसला.

नावाचं असं झालं होतं. वर्गातल्या पडद्यावर हजेरीची यादी खरी दिसावी, असा अनयचा हट्ट. म्हणून क्लासच्या ऑफिसातल्या फरीदानं आठवडाभर आधी फोन करून विचारलं होतं, मावशी, पिक्चरमधल्या म्हातारीचं नाव काय घालू? नीलम्मा म्हणाली, महादेवी. पालकाचं नाव? नीलम्मा. मोबाईल? हाच. फरीदाला हसू आलं. तिनं ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि शूटिंग संपल्यावर काढायचं विसरली.

कॉम्प्युटरला पिक्चर विनोदी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी नीलम्माच्या फोनवर मेसेज आला. ती चौथीपर्यंत शिकलेली. ओल्या बोटानं एकेक अक्षर धरून वाचलं. 'आपली पाल्य महादेवी आज वर्गात गैरहजर आहे.'

तिनं फोन पालथा ठेवला आणि आमटीला फोडणी दिली.

मंगळवारी तोच मेसेज. बुधवारी जरा लांब होता. 'आपली पाल्य महादेवी सलग तीन दिवस गैरहजर आहे. पालकांनी समक्ष येऊन कारण नोंदवावे.'

नीलम्मानं तवा उतरवला. शूटिंगसाठी घेतलेलं इरकल नेसली.

"कुठं गं, अक्का?" गुरम्मानं विचारलं.

"क्लासला. बोलावणं हाय."

ती पहिल्या पायरीवर थांबली नाही. दुसऱ्याही नाही. कॅमेरा नव्हता, त्यामुळं हा टेक कुणी घेतला नाही. तिसऱ्या मजल्यावर फरीदा डबा उघडत होती. ती उठूनच उभी राहिली.

"या अल्ला! मावशी, तुम्ही वर कशा आल्या?"

नीलम्मानं फोन पुढं केला. फरीदानं वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"ते मशीन हो! माझीच गलती. थांबा, आत्ता नाव काढून टाकते."

"नाव ऱ्हाऊ दे. कारण लिहून घे."

"मावशी, मजाक करताय का?"

"पालकाला बोलावलं नव्हं? पालक आलाय. लिही."

फरीदानं रजिस्टर ओढलं. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, मामाचं लग्न, ताप, जत्रा, ताप असं होतं. तिनं खाली 'महादेवी' लिहिलं आणि पेन धरून बसली.

नीलम्मानं एकदा मान वर करून पाहिलं. स्लॅब जागेवर होता.

"लिही, माझी पोरगी हितंच होती लातुरात, कॉलेजला. एक दिवस चुकवत नव्हती. त्या गणपतीला तिच्या आईनंच हट्टानं गावाकडं बोलावून घेतली."