नववर्षाचा केर

"अगं कार्टे, वर्षाचं नशीब झाडून बाहेर टाकलंस!" शेजारच्या चिनी आजी ओरडल्या. माझ्या हातातली केरसुणी गळून पडली.

नऊ वर्षांची मी. त्यांचं नववर्ष, म्हणून हौसेने त्यांचं अंगण झाडून रांगोळी काढणार होते. त्या दिवशी त्यांच्यात केर काढत नाहीत, हे मला कुठे ठाऊक? त्यात त्यांच्या नातीचं, मेईताईचं लग्न आठवड्यावर आलेलं. मी भोकाडच पसरलं.

मेईताईने मात्र केराची टोपली परत आणली आणि फटाक्यांचे लाल कपटे माझ्या डोक्यावर उधळले. "घ्या, आलं नशीब परत!" मग आजीही मूठ भरून तिच्यामागे धावल्या.

साठ वर्षं झाली. काल नववर्षाच्या सकाळी मेईताईचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आधी केरसुणी खाली ठेव!" मागे तिचा म्हातारा खदखदून हसत होता.