साधा की विजेचा

उम्सुनायच्या एका हातात साधा ब्रश होता, दुसऱ्या हातात विजेचा. दुकानदारीण सूर्यफुलाच्या बिया सोलत तिच्याकडे बघत होती.

"कुणासाठी गं?"

"बाबांसाठी. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेलाय."

"मग विचार कसला करतेस? विजेचा घे. डाव्या हातात नुसता धरायचा, तो आपला आपण घासतो. माझ्या सासूला दिलाय. दात चारच उरलेत, पण कसे लखलखतात."

उम्सुनायने विजेचा ब्रश परत ठेवला. "साधाच द्या. मीच घासते त्यांचे दात."

"देव भलं करो तुझं. अशा लेकी राहिल्या नाहीत आता."

नारिन या डोंगरी गावच्या थंडगार बाजारातून घरी येईपर्यंत तो आशीर्वाद तिला टोचत राहिला.

ऑक्टोबरात बाबा पडले, तेव्हा ती राजधानी बिश्केकमधल्या सासरहून एक पिशवी घेऊन आली होती. भाऊ कुबानिच म्हणाला, नवऱ्याला सोडून धावत आली, शाबास. कशातून धावत आली, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बाबांनी, तोक्तोसूनांनीही विचारलं नाही. ते जन्मभर वीज मंडळात तारा जोडत आलेले, अबोल गृहस्थ. ती दात घासताना तिची बाही वर सरकायची, मनगटाच्या वर इस्त्रीच्या चटक्याचा डाग दिसायचा, आणि म्हातारा डोळे मिटून घ्यायचा.

दर बुधवारी ती त्यांना दवाखान्यात हाताच्या व्यायामासाठी न्यायची. आत मात्र ते तिला येऊ द्यायचे नाहीत. "बापाची फजिती पोरीने बघू नये," म्हणायचे. ती बाहेर बाकावर बसून राहायची.

वसंतात, नोरूझच्या सणाला कुबानिच आला. येतानाच विजेचा ब्रश घेऊन आला.

"चमचा डाव्या हाताने जमतो. बटणांचे शर्ट मी बदलून टाकतो, डोक्यातून घालायचे आणलेत. राहिले दात. आता तेही झालं," तो बापाला म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "तलांत रोज फोन करतो मला. बायको कधी पाठवता, विचारतो. काय सांगू त्याला?"

"एवढी घाई का?" उम्सुनाय म्हणाली.

"घाई? सहा महिने झाले. लोक काय म्हणतील? बाबा, तुम्हीच सांगा तिला."

तोक्तोसूनांनी डाव्या हातात ब्रश धरला, बटण दाबलं. तो गुणगुणू लागला. त्यांनी दोन-चार दातांवरून फिरवला आणि खाली ठेवला.

"माशी शिरल्यासारखं वाटतं तोंडात," ते म्हणाले.

"सवय होईल," कुबानिच म्हणाला. "रविवारी तलांतला बोलावतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे उम्सुनायने कात्री घेतली. ब्रशच्या चार्जरची तार जिथे डबीत शिरते, तिथे रबर बाजूला सारलं, आतली तार कापली आणि रबर पुन्हा सरकवून ठेवलं. वरून काही दिसत नव्हतं. घाईत तिच्या बोटालाही कात्री लागली.

शनिवारी ब्रश बंद पडला. तोक्तोसूनांनी चार्जर हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. अंगठ्याने ते रबर चाचपलं.

"बिघडलाय," ते म्हणाले. "स्वस्तातला असणार. कुबानिच, रविवारचं राहू दे. पोरगी गेली तर माझे दात कोण घासणार?"

कुबानिच चिडला, नवा आणतो म्हणाला, आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेला.

उम्सुनायला त्या रात्री सुखाची झोप लागली. पुढे मात्र लागेना. रोज सकाळी बाबा तोंड उघडून तिच्यापुढे बसायचे, आणि तिला वाटायचं, आपण या माणसाला पांगळं करून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले होते, जितकं स्वतः करतील तितके सुधारतील. आपण स्वतःच्या आसऱ्यासाठी बापाचं सुधारणं कापून टाकलं. कितीदा सांगून टाकावंसं वाटलं. प्रत्येक वेळी त्याऐवजी तिने चूळ भरायला पेला पुढे केला.

पुढच्या ऑक्टोबरात दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. कुबानिच हळूच म्हणाला, "आता तुझं इथे कोण आहे? तलांत उद्या येतो न्यायला."

"जाते," ती म्हणाली. तिने पिशवी भरली. बापाशी जे केलं त्याची ही शिक्षा आहे, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि शिक्षेशी हुज्जत घालण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

निघण्याआधी बाबांना दवाखान्याने वापरायला दिलेली काठी परत करायची होती. व्यायाम घेणारी सोनून ही पन्नाशीची, जाड चष्म्याची नर्स. तिने काठी घेतली आणि उम्सुनायला बाकावर बसवलं. तिथे उम्सुनायचा बांध फुटला. ब्रश, कात्री, तार, सगळं तिने तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत सांगितलं.

"माझ्यामुळे ते तसेच राहिले, सोनून-एजे. हात सुधारला असता. मी होऊ दिलं नाही."

सोनूनने चष्मा काढला. आपल्या पांढऱ्या कोटाच्या टोकाने तो पुसला.

"मला शपथ घातली होती त्यांनी, घरी कुणाला सांगायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "अगं, नोरूझच्या आधीपासून दर बुधवारी इथे बसून तुझे बाबा उजव्या हाताने मला सफरचंद सोलून द्यायचे."