तळाशी लाल टोपी

"मान हलवू नका. नुसते डोळे," बाई म्हणाल्या आणि त्यांची दोन बोटं त्याच्या नाकासमोरून डावीकडून उजवीकडे सरकू लागली.

समोर बसलेला माणूस तरणतलावावरचा लाइफगार्ड. खांदे दाराला घासतील एवढा दांडगा, पण खुर्चीत अंग चोरून बसला होता. मनाला बसलेला धक्का या बाई बोटांमागे डोळे फिरवायला लावून काढतात, हे ऐकून तो घरी हसला होता. तसं असेल तर टेबल टेनिस बघणारे सगळे सुखीच असायला हवेत की, असं बायकोला म्हणालाही होता. बायको हसली नाही. चला तर खरं, एवढंच म्हणाली. मागच्या खेपेला नुसतं बोलणं झालं. आज बोटं सुरू झाली होती आणि बायको बाहेर बाकावर बसली होती.

त्याने डोक्यात एकच चित्र धरून ठेवायचं होतं. त्यात अवघड काय? वर्षभर ते तिथून हललंच नव्हतं. खोल पाण्याच्या कोपऱ्यातली शिडी आणि शिडीखाली, तळाशी, लाल टोपी. पोहायला शिकणाऱ्या मुलीची. कुणीतरी काही विचारलं म्हणून त्याने मान वळवली होती, तेवढ्यात ती तळाला गेली होती. चित्र दर वेळी टोपीपाशी अडायचं. मुलगी जिवंत होती, मजेत शाळेत जात होती, तिच्या आईवडिलांनी घरी येऊन त्याचे हात धरले होते. बायकोचं तर सांगून सांगून तोंड दुखलं. तो हो हो म्हणायचा. पण हल्ली तो तलावाच्या तिकीट खिडकीत पाण्याकडे पाठ करून बसायचा, आणि घरी लेकीच्या आंघोळीची बादली भरायला लागली की चपला घालून बाहेर पडायचा. परवा त्या चार वर्षांच्या पोरीने आईला विचारलं, बाबा माझ्यावर चिडलाय का? ते त्याच्या काळजाला लागलं. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीला आंघोळ घालता आली पाहिजे, एवढंच मागायला तो आला होता.

बाई मध्येच थांबत, श्वास घ्यायला लावत, काय दिसतंय ते विचारत. लाल टोपी, तो सांगे. बरं, तिथून पुढे, असं म्हणून त्या पुन्हा बोटं हलवत. पुढे काही जाईना.

त्यात एक घोटाळा होत होता. बोटं उजव्या टोकाला पोचली की त्याचे डोळे त्यांना सोडून खाली जायचे, पार फरशीवर. बाईंनी एकदा टोकलं, पुन्हा टोकलं. त्यांना वाटलं, गडी टाळतोय. तो ओशाळला.

"सवय आहे हो," तो म्हणाला. "आधी वरचं पाणी बघायचं, मग तळ. बुडणारा माणूस हाक मारत नाही."

बाईंनी बोटं पुन्हा वर धरली. मग म्हणाल्या, "तर मग तळ बघा."

आता बोटं टोकाला गेली की त्याही हात हळूच खाली नेऊ लागल्या. वर, टोक, तळ. पुन्हा वर. त्याचे डोळे कामाला लागले, पूर्वी रोज तलावावर लागायचे तसे.

आणि काय सांगावं, चित्र हललं! लाल टोपी जवळ आली. कानात पाणी गच्च भरलं. समोर एक हात दिसला, बोटं फाकलेला, आणि तो त्याचाच होता. त्या हाताने मुलीचा दंड धरला. मग शिडी, मग काठाची खरखरीत फरशी गुडघ्यांना लागली. खुर्चीत बसल्या बसल्या तो घामाने निथळत होता. बाईंचा खांदा भरून आला होता, पण हात त्यांनी थांबवला नाही.

"आता काय दिसतंय?"



"खोकली ती," तो म्हणाला.

बाईंचं हे रोजचं काम, तरी त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पेल्यात पाणी ओतून पुढे केलं. त्याने ते वरून पाहिलं, मग पेल्याच्या तळाशी पाहिलं, आणि सगळं पिऊन टाकलं.

तो बाहेर आला तशी बायको उठून उभी राहिली. तिने त्याचा चेहरा पाहिला. डोळे रडून लाल, आणि चेहऱ्यावर हे असलं नवल! असा तो तिने फक्त लेक जन्मली त्या दिवशी पाहिला होता.

"वाचली ती," तो म्हणाला.

मग मी वर्षभर काय सांगत होते, हे तिच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"कधी?" तिने विचारलं.

"आत्ता."