वहिनीचा रिबेस

“गेलं! सकाळपासूनचं सगळं गेलं!” वहिनीनं कीबोर्डवरून हात झटकन उचलले, चटका बसल्यासारखे.

शेजारी बसलेली टीम लीड दचकली. ही लीड म्हणजे तिची धाकटी नणंद. मुलांसाठी इतकी वर्षं घरी थांबलेल्या वहिनीला पुन्हा नोकरी करायला तिनंच भरीस घातलं होतं. अख्ख्या ऑफिसला ते ठाऊक, त्यामुळे वहिनीचं काही चुकलं की माना आधी नणंदेकडे वळायच्या. आज चारला ग्राहकाला काम दाखवायचं होतं. ते नीट झालं तरच वहिनीची नोकरी पक्की होणार होती.

काम मोठं किचकट. वहिनी आपला भाग लिहीत असताना टीमनं मूळ कोड पार बदलून टाकला होता आणि त्या नव्या कोडवर वहिनीला आपले बदल एकेक करून पुन्हा बसवायचे होते. त्यालाच रिबेस म्हणतात. जिथे दोघांचे बदल एकमेकांना भिडतात, तिथला गुंता हातानं सोडवावा लागतो. सकाळभर बिचारी तेच करत होती. शेवटच्या बदलाला गुंत्याच्या खुणांनी स्क्रीन लालेलाल झाली, तिचा धीर सुटला आणि तिनं अबॉर्ट केलं, म्हणजे रिबेस अर्ध्यावरच रद्द केला. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटनं तिला थेट सकाळच्या जागी नेऊन ठेवलं.

“तूच म्हणाली होतीस ना, घाबरलीस तर खुशाल अबॉर्ट कर!”

“म्हणाले होते गं.” नणंदेचे हात शिवशिवत होते. खुर्ची ओढावी आणि आपणच निस्तरावं, असं तिला फार वाटलं. तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले. “वहिनी, ऐक—”

“तू गप्प बस जरा. मला विचार करू दे.” वहिनीनं डोळे पुसले. “मी मागे आले, हे खरं. पण जे सोडवलं होतं, ते पुसलं कुणी?”

तिनं रिफ्लॉग उघडला. आपण कुठून कुठे गेलो, त्याच्या खुणा गिट तिथे जपून ठेवतं. “हा अबॉर्ट. आणि त्याच्या खाली... अगं बाई, हे तर माझंच!” त्या खुणेवरून तिनं नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढली. सकाळचं काम जसंच्या तसं समोर आलं. तो लालेलाल शेवटचा बदल तेवढा राहिला होता.

इतक्यात साहेब आले. “काय गडबड आहे?”

“हिनं अबॉर्ट केलं आणि परतही हिनंच आणलं,” नणंद म्हणाली. अभिमानानं तिचा आवाज जरा जास्तच चढला. “मी बोटसुद्धा लावलं नाही.”

“छान. पण वेळ कमी आहे. शेवटचं तुम्हीच उरकून टाका,” साहेब नणंदेला म्हणाले.

नणंद उठली. वहिनी तिला जागा द्यायला खुर्ची मागे सारायला लागली.

“तू कुठे निघालीस? बस,” नणंद म्हणाली. मग साहेबांकडे वळली. “करणार तीच. मी तिला पाणी आणायला उठलेय.”

सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं, ती रिकामा ग्लास घेऊन निघाली. मागे कीबोर्ड वाजायला लागला होता.