कुंपणापलीकडचं बी

कुंपणालगत तिने लावलेली रानफुलं पुरुषभर उंच झाली आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तिचं डोकं खायला सुरुवात केली. रोज सकाळी दारात हजर! "ऊन अडतं माझं." "बी सगळं माझ्या अंगणात पडतं." वर चहा घेत तासभर तेच दळण. डोक्याला नुसता ताप! शेवटी तिने विळा घेतला आणि जीव लावून वाढवलेली ती झाडं रागारागाने आडवी केली.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बेल. दारात मास्तर, हातात कागदाची पुडी.

"आता आणखी काय राहिलंय?" ती खेकसली.

"माझ्याकडे पडलेलं बी वेचून आणलंय. लगेच पेरा," मास्तर खाली बघत म्हणाले. "तक्रार नसली, तर रोज चहाला कोणत्या तोंडाने येऊ?"