रॅम्पवरचं नाव

“कॅप्टन, माझ्या व्हीलचेअरमध्ये बसून हा नवा रॅम्प तुम्ही चढून दाखवाल?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून आमच्या बरंगायच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रमुखांना मी खरंच विचारलं! टेबल टेनिसची नावनोंदणी पाचला संपणार होती, वही वर सभागृहात होती. “त्यात काय, पोरी!” मी बाकावर सरकले, ते ऐटीत बसले. अर्ध्यावर त्यांचा जोर संपला, खुर्ची मागे घसरू लागली. रॅम्पवर रंगवलेल्या त्यांच्याच नावावर चाकं करकरली. मला नेहमी उचलणारे चौघे, आई-बाबा आणि दोन शेजारी, धावले. “हात लावू नका! मी काय तांदळाचं पोतं आहे?” ते ओरडले. धडपडत ते खाली आले, खुर्ची मला दिली. पाच वाजायला तीनच मिनिटं होती. चौघे मला उचलून वर न्यायला वळले. “नानाय, ताताय,” मी आई-बाबांना ठणकावलं, “नाव नोंदवायचं राहिलं तर राहू दे, पण आजपासून मलाही कुणी उचलायचं नाही!”