डोळ्यांनी पाहिलेलं

गडहिंग्लजच्या बाजारात शेवंता कासारीण देवाशपथ सांगत होती, की तिनं कुणा म्हाताऱ्याला पाहिलेलं नाही. सकाळपासून ती एका नवरीला चुडा भरत बसली होती. समोर उभ्या असलेल्या सुरेखाचे विसराळू वडील तीन तास झाले तरी सापडत नव्हते.

"मावशी, तुम्ही नसेल पाहिलं, पण तुमच्या डोळ्यांनी पाहिलं असेल," हवालदार निलोफर म्हणाली आणि तिनं शेवंताच्या कपाळाला तारांची पट्टी बांधून ती हातातल्या पडद्याला जोडली. मनानं टाकून दिलेलं दृश्य मेंदूत चार तास टिकतं आणि आता ते पडद्यावर काढता येत होतं.

पडद्यावर नवरीचं मनगट आणि हिरव्या बांगड्या लख्ख दिसल्या. कडेला मात्र सगळं धुकट होतं. त्या धुक्यातून पिवळा फेटा बांधलेला एक म्हातारा अनवाणी चालत नदीकडच्या बोळात वळला.

"आमचे अण्णा!" सुरेखा ओरडली. निलोफरनं लगेच घाटावरच्या शिपायाला फोन लावला.

शेवंताचा चेहरा पडला. "माझ्या डोळ्यांदेखत गेले की गं! मी हाक का नाही मारली?"

"काच भरताना लक्ष हललं असतं तर त्या पोरीचा हात कापला असता, मावशी," निलोफर म्हणाली. "मन एका वेळी एकच काम धरतं."

फोन वाजला. अण्णा घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते, अगदी धडधाकट. सुरेखा मटकन खाली बसली आणि शेवंताच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. शेवंता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, वाट बघून निघूनही गेली. तिला ती कळलीच नाहीत.